तेराच्या तारा

सुताराच्या डाव्या हाताची अनामिका रंधा मशीनच्या पात्याला लागली, त्याला वर्ष उलटून गेलं होतं. बोट वाचलं, पण टोकाचा थोडा भाग गेला आणि उरलेल्या ठिकाणी गुळगुळीत, गुलाबी कातडी आली. टाके निघाल्या निघाल्या तो कारखान्यात गेला, कपाटांची राहिलेली कामं त्यानं हातावेगळी केली, पूर्वीसारखंच पेन्सिल कानावर ठेवून गिऱ्हाइकांशी हुज्जत घातली. सगळं पूर्ववत झालं. फक्त बैठकीच्या खोलीत भिंतीवर टांगलेली गिटार त्यानं पुन्हा खाली काढली नाही.

त्याच्या बायकोचं गल्लीच्या तोंडाशी चष्म्याचं दुकान होतं. आख्खी गल्ली तिला चष्मेवाली म्हणायची, आणि नवरा लाडात आला की तोही. ती गायची आणि तो वाजवायचा, हे लग्नाच्या आधीपासूनचं. कुणाचा वाढदिवस असो, कुणाचा निवृत्तीचा समारंभ असो, ओळखीपाळखीत या जोडीला बोलावणं ठरलेलं. अपघातानंतर बोलावणं आलं की ती घसा बसल्याचं सांगायची. वर्षभर कुणाचा घसा बसत नाही हे समोरच्यालाही कळायचं, पण कुणी जास्त खोदून विचारलं नाही. घरात तर त्या विषयावर दोघांच्याही तोंडाला कुलूप होतं.

ते कुलूप एका सकाळी तिच्या मनात तरी उघडलं. नवरा चहाची वाट बघत टेबलाशी बसला होता, नजर खिडकीबाहेर. आणि त्याचा डावा हात टेबलाच्या कडेवर आपोआप हलत होता. बोटं एका जागी दाबायची, उचलायची, दुसऱ्या जागी दाबायची. इतकी वर्षं त्या हाताकडे बघून गायलेली बाई. हात कोणतं गाणं वाजवतोय हेसुद्धा तिनं ओळखलं. चौथ्या बदलाला ते आखूड बोट टेबलावर टेकलं, आणि त्यानं हात झटकन मांडीवर घेतला.

तिनं चहा पुढे ठेवला.

तो कामावर गेल्यावर तिनं गिटार खाली काढली. धूळ पुसायला तारांवरून बोट फिरवलं, तर बोट विटकरी झालं. तारा गंजल्या होत्या. या खरखरीत तारांवर ती कोवळी कातडी कशी टिकणार, असं तिच्या मनात आलं. त्यानं न वाजवण्याचं निम्मं कारण कदाचित या तारांतच असेल. नव्या, हलक्या तारा बसवून आणाव्यात, गिटार पुन्हा जागेवर टांगावी आणि गप्प राहावं. पुढचं पुढे. तो दूरच्या एका घरी स्वयंपाकघराचे कप्पे बसवायला गेला होता, संध्याकाळपर्यंत येणार नव्हता. तिनं दुकानाला मधल्या वेळची सुट्टी दिली, गिटार खोळीत घातली आणि वाद्यांच्या दुकानाची वाट धरली.

दुकानाचा मालक दाढीवाला म्हणूनच ओळखला जायचा. नवऱ्याची त्याच्याकडे जुनी ऊठबस. ती मात्र एकदोनदाच आली असेल, तीही बाहेर उभी राहून. दाढीवाल्यानं खोळ उघडली आणि गिटार पाहताच त्याचा चेहरा फुलला.

"अरे, ही तर आमच्या सुतारांची! वहिनी, बोट कसं आहे त्यांचं?"

"बोट बरं आहे. वाजवत नाहीत. तारा गेल्यात ना या?"

त्यानं तारेखालून नख ओढलं. "गेल्या म्हणजे केव्हाच्या. हे बघा, दांडीवरच्या या धातूच्या पडद्यांवर तारा जिथे घासतात तिथे त्यांना खाचा पडल्यात. या खाचा लागल्या की तार सुरात लागत नाही, लागली तरी टिकत नाही. आणि वाजवल्या नाहीत तर तारा नव्या राहतात असं लोकांना वाटतं, तसं काही नसतं. हवेतला दमटपणा न वाजवणाऱ्यालाही सोडत नाही." त्यानं एक तार छेडली. धप्प असा आवाज आला. "ऐका. नवी तार खणखणते, मेलेली तार पुटपुटते. कानाला कळतं. सुतारांना तर लगेच कळायचं, कधी दोन महिन्यांत यायचे, कधी पाच."

"मग नव्या घाला. पण हलक्यातल्या हलक्या. बोटाला लागणार नाहीत अशा."

दाढीवाल्यानं काउंटरवर पाकिटं मांडली. प्रत्येकावर आकडा होता. दहा, अकरा, बारा, तेरा. आकडा म्हणजे सगळ्यांत बारीक तारेची जाडी, त्यानं समजावलं. आकडा लहान तितकी तार बारीक आणि दाबायला सोपी. आकडा मोठा तितका आवाज भरदार, पण बोटांना जोर हवा.

"मग दहा द्या."

तो घुटमळला. "द्यायला देईन हो, वहिनी. पण ते तारा उतरवून वाजवतात ना. बारीक तार खाली उतरवली की सैल पडते, नुसती फडफडते. म्हणून तर ते तेराच्या घ्यायचे."

"उतरवून म्हणजे?"

"म्हणजे आपली नेहमीची पट्टी असते, तिच्यापेक्षा..." दाढीवाल्यानं जीभ चावली. मग उगीचच फडकं उचलून काउंटर पुसायला लागला. "ते त्यांनाच विचारा. वाजवणाऱ्याची आपली एकेक तऱ्हा असते."

चष्मेवालीच्या दुकानात रोज माणसं यायची, जी तक्त्यावरची शेवटची ओळ न दिसताच पाठ म्हणून दाखवायची. अशा माणसांकडे ती जशी बघायची तशीच आता दाढीवाल्याकडे बघत उभी राहिली. फार वेळ लागला नाही.

"आधी बाराच्याच होत्या," तो खाली बघत म्हणाला. "मग त्यांनी अर्धा सूर उतरवला. पुढे पुरता एक सूर. तेव्हा तारा पडद्यांवर आपटायला लागल्या, म्हणून तेरा दिल्या मी. शेवटचे आले तेव्हा विचारत होते, याहून जाड मिळतात का. घरी कळू देऊ नका म्हणाले होते. आता माझं तोंड बघू नका असं, वहिनी. चूक झाली."

तिच्या कानशिलांत ऊन ऊन झालं. खाली उतरवलेली पट्टी म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. तिच्यासाठी. तिचा आवाज वर पोचेना, म्हणून गिटार खाली आली होती, तिला पत्ता लागू न देता, दरवेळी थोडी थोडी. आणि ती प्रत्येक समारंभात ऐकून घेत होती, "तुमचा आवाज अजून तस्सा आहे हो!" ऐकून घेत होती म्हणजे काय, मान किंचित झुकवून हसत होती.

मागे एकदा एका घरी एक पाहुणा कीबोर्ड घेऊन साथीला बसायला निघाला होता. "आज फक्त गिटार," असं नवऱ्यानं त्याला तुटकपणे सांगितलं होतं. घरी आल्यावर ती म्हणालीही होती, किती माणूसघाणे झालात तुम्ही. कीबोर्ड नेहमीच्या पट्टीत वाजला असता तर गिटार किती खाली आहे ते लगेच उघडं पडलं असतं.

"अकराच्या घाला," ती म्हणाली. "आणि नेहमीच्या पट्टीत लावा. जिथे असायला हव्यात तिथे."

दाढीवाल्यानं अकराचं पाकीट फोडलं. जुन्या तारा एकेक करून सैल केल्या, दांडी पुसली, नव्या तारा खुंट्यांना गुंडाळल्या, ताणल्या, पुन्हा लावल्या. गिटार हातात देताना एवढंच म्हणाला, "ताण कमी झालाय, दांडी जरा मागे जाईल. चार दिवसांनी कुठे किणकिणायला लागली तर घेऊन या."

घरी येऊन तिनं गिटार टांगली नाही. ती घेऊन पलंगावर बसली. तिला वाजवता येत नव्हतं, पण तिचं हुकमी गाणं कोणत्या मोकळ्या, न दाबलेल्या तारेपासून सुरू होतं ते माहीत होतं. ती तार छेडली. आवाज स्वच्छ, उंच, जवळजवळ परका आला. तिनं तो सूर धरला आणि गायला लागली. पहिल्या ओळी निभावल्या. अंतऱ्यात जिथे चाल वर चढते तिथे आवाज ताणला, थरथरला आणि फाटला. तिनं पाणी पिऊन पुन्हा म्हटलं. पुन्हा त्याच जागी फाटला. तिसऱ्यांदा म्हणायची तिची छाती झाली नाही.

खिडकीतून शेजारणीच्या कुकरची शिट्टी ऐकू येत होती. गिटार तिच्या मांडीवरच होती. रोज आपण लोकांना किती सहज सांगतो, तिच्या मनात आलं. काका, आता जवळचा नंबर लागणारच, वय आहे. मग काका पेपरच्या छपाईला नावं ठेवतात, दुकानातल्या दिव्याला नावं ठेवतात, आणि आपण हसत हसत चष्मा त्यांच्या नाकावर ठेवतो. आपल्याला हे कुणीच सांगितलं नाही. ज्यानं सांगायचं त्यानं गिटारच उतरवून ठेवली. हे प्रेम म्हणायचं की फसवणूक, तिला ठरवता येईना. रडू येतंय की राग, तेही नीट कळेना.

नवरा आला तो केसांत भुसा घेऊन. हातपाय धुवून बैठकीत आला आणि रिकाम्या खिळ्याकडे बघून थबकला. मग त्याला खुर्चीवर ठेवलेली गिटार दिसली.

"या तारा?"

"बदलून आणल्या. अकराच्या. बोटाला हलक्या."

"तुला कुणी सांगितलं होतं?" त्यानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं, असं तिला वाटलं. "माझ्या बोटाचं काय करायचं ते मी ठरवीन ना. परस्पर जाऊन हलक्या तारा! लहान पोरांच्या गिटारला घालतात तशा. उद्या मला घास भरवशील."

"अहो, गंज चढला होता."

"चढू दे."

त्यानं उजव्या हातानं तारांवरून सहज एक फटकारा मारला, बहुधा किती पोकळ वाजतात ते तिला ऐकवायला. सगळ्या तारा एकदम वाजल्या आणि त्याचा हात हवेतच राहिला. त्याला पट्टी कळली. त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"दाढीवाला बोलला वाटतं," तो म्हणाला.

"माझ्या आवाजाचं काय करायचं ते मी ठरवलं असतं ना," ती म्हणाली. "परस्पर तुम्ही ठरवलंत. किती वर्षं झाली?"

तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला. जेवणं झाली ती भांड्यांच्या आवाजात.

पुढचे काही दिवस दोघं एकमेकांशी फार नीट वागले. एवढं नीट की ते कुणाच्याही लक्षात आलं असतं. मीठ हवंय का, विजेचं बिल भरलं का, उद्या लवकर जायचंय. गिटार खुर्चीवरच होती. तिला खिळ्यावर टांगायची पाळी कुणाची, यावरही अबोला होता.

त्या अबोल्याला तडा गेला तो बिघाडामुळे. रविवारी दुपारी नवरा खुर्ची सरकवत होता. गिटार उचलून बाजूला ठेवताना त्याचा अंगठा जाड तारेला लागला आणि तार किणकिणली, सैल पत्र्यासारखी. तो थांबला. पुन्हा वाजवली. पुन्हा तेच. चष्मेवाली आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होती, तिनं कान टवकारले. तिला आपला माणूस माहीत होता. न बसणारं दार आणि करकरणारा कप्पा बघून त्याला झोप लागत नसे. थोड्या वेळानं हत्यारांच्या पेटीची कडी वाजली.

ती दारात आली तेव्हा तो गिटार मांडीवर आडवी घेऊन एक डोळा मिटून दांडीच्या रेषेत बघत होता. फळी सरळ आहे की नाही ते बघतात तसा.

"मागे गेलीय," तो कुणाला उद्देशून नाही असं पुटपुटला. "जाड तारांचा ताण सहन करायची सवय लागली होती. आता ओढायला कुणी नाही." गोल छिद्रातून आत हात घालून त्यानं चावीनं दांडीतली सळई किंचित सैल केली, तारा लावल्या, पुन्हा बघितलं. पुन्हा थोडी. मग प्रत्येक पडद्यावर प्रत्येक तार दाबून वाजवून बघायला लागला. तपासण्याच्या नादात कोणतं बोट कुठे पडतंय याकडे त्याचं लक्ष नव्हतं, आणि तिचं पूर्ण लक्ष तिथेच होतं. अनामिका पडली. तो कळवळला, बोट तोंडात घातलं.

"लागलं?"

"ठणकलं." त्यानं पुन्हा दाबून बघितलं, या वेळी सावकाश. "पण टोचत नाही. मला वाटलं होतं सुईसारखी आत जाईल."

ती येऊन समोरच्या वेताच्या मोड्यावर बसली. घडी न केलेला टॉवेल तिच्या हातातच होता.

"मी सांगणार होतो तुला," तो म्हणाला.

"कधी?"

"दरवेळी. तारा बदलायला निघालो की ठरवायचो, आज सांगू. मग तू गायला बसायचीस, आणि असं काही सुरू करायचीस की म्हणायचो, कशाला? उतरलेल्या पट्टीत तुझा आवाज वाईट लागत नव्हता गं. उलट खाली आल्यावर त्याला एक भार आला होता. मला तो आवडायला लागला होता. तुला सांगितलं असतं तर तू त्याच्याकडे कमी झालेला आवाज म्हणून बघितलं असतंस. मग गायचंच सोडलं असतंस."

"नसतं सोडलं."

तो नुसता हसला. तिला आपलं उत्तर आपल्यालाच पटलेलं नाही हे जाणवलं.

"बरं, सोडलं असतं," ती म्हणाली. "चार दिवस. मग तुमच्याकडे बघवलं नसतं म्हणून पुन्हा धरलं असतं. तुम्ही ते चार दिवस मला दिले नाहीत, याचा राग आलाय मला."

त्यानं तारांवरून तळवा फिरवला. "आणि तुझा मला," तो म्हणाला. "तू माझ्यासाठी तारा निवडल्यास, यातलं मला काय झोंबलं माहितेय? की बरोबर निवडल्यास."

तिनं टॉवेलची घडी घातली. मग इतके दिवस डोक्यात घोळत असलेला प्रश्न विचारला.

"अहो, पण जाड तारा कशाला? तारा नेहमीच्या ठेवायच्या आणि गाणंच खालून वाजवायचं. कॉर्ड बदलायच्या, बोटं दुसऱ्या जागी ठेवायची. तसं करतात ना लोक?"

"करतात की."

"मग?"

"तू माझ्या हाताकडे बघत गातेस," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. मी नेहमीच्या जागेऐवजी भलतीकडे बोटं ठेवली असती तर दुसऱ्या ओळीला थांबून विचारलं असतंस, हे काय वाजवताय? हात तोच दिसायला हवा होता. म्हणून पट्टी उतरवली. पट्टी उतरवली म्हणून तारा जाड. आणि तारा जाड म्हणून..." त्यानं अनामिका वर धरली. "अपघातानंतर एकदा बसलो होतो मी. तू दुकानात होतीस तेव्हा. त्या तेराच्या तारांवर एक कॉर्ड पुरती दाबता आली नाही. हलक्या घालाव्यात तर उतरवल्यावर त्या फडफडणार, म्हणून पट्टी वर घ्यावी लागणार, मग तुला कळणार. म्हटलं, राहू दे. टांगून ठेवली."

वर्षभर ती समजत होती की तो बोटामुळे गप्प आहे. त्यानं नुसतं सांगितलं असतं तर बारीक तारा कधीच आल्या असत्या, आणि तिनं नुसतं विचारलं असतं तरी.

"आता कळलंय ना मला," ती म्हणाली. "मग ठेवा की बोटं कुठेही."

त्यानं खुर्ची पुढे ओढली. पहिली खटपट फसली. त्यानं निवडलेली कॉर्ड फारच खाली होती, ती गायला लागली आणि पहिल्याच ओळीत तिचा आवाज विहिरीत उतरल्यासारखा झाला. दोघांनाही हसू फुटलं. "म्हाताऱ्या बैलासारखी डुरकतेय मी," ती म्हणाली. दुसरी जागा बरी होती, पण तिथे अनामिकेला फार लांब ताणावं लागत होतं. तिसऱ्या जागी त्यानं अनामिकेचं काम करंगळीवर सोपवलं. करंगळी बिचारी नवखी, कधी तार सुटायची, कधी शेजारच्या तारेवर पडायची. वाजताना मध्येच ठप्प व्हायचं, तो चरफडायचा, पुन्हा सुरू करायचा. तिनं त्याच्या हाताकडे न बघता गायचा प्रयत्न केला आणि तिच्या लक्षात आलं की तिलाही आता नव्यानं शिकावं लागणार. कुठे श्वास घ्यायचा हे इतकी वर्षं तो हात सांगत आला होता.

अंतरा आला. चाल वर चढली आणि आवाज तिच्याबरोबर चढला, न ताणता. तिथे पूर्वी जो झगझगीतपणा होता तो नव्हता, हे तिनं स्वतःच्या कानांनी नीट ऐकलं. त्या जागी काहीसं जाड, ओलसर असं काही होतं. त्याला ते आवडतं, तो म्हणाला होता. आपल्याला आवडतंय का, हे तिनं त्या दिवशी ठरवलं नाही. त्याला वेळ लागणार होता.

सगळी गाणी काही परत आली नाहीत. एक होतं ज्यात बोटं भराभर दांडीभर पळायची. ते त्यानं चारपाच रविवार करून बघितलं आणि मग सोडून दिलं. त्याबद्दल तो दोन दिवस तोंड पाडून होता. एक गाणं तिनंही सोडलं, कारण खालच्या पट्टीत ते नुसतं रडकं वाटायचं. पावसाळा सरता सरता तारांचा आवाज मंदावला तेव्हा दोघं मिळून दाढीवाल्याकडे गेले. वहिनींना बघून दाढीवाला काउंटरमागे लपायच्या बेतात होता. नवऱ्याला आता बाराच्या घेऊन बघायचा मोह होत होता, बोटाची कातडी राठ झाली होती. ती म्हणाली, दुकानात टांगलेल्या बाराच्या तारांवर आधी अर्धा तास वाजवा, मग बोला. त्यानं वाजवलं, बोट चोळलं आणि अकराचंच पाकीट उचललं.

हिवाळ्यात तिच्या नणंदेकडे, नातवाच्या बारशाला सगळे जमले होते. खूप दिवसांनी जोडीला बोलावणं होतं. खोली माणसांनी भरलेली, मुलं पुढे सतरंजीवर. नवऱ्यानं सूर दिला आणि तिनं गायला सुरुवात केली. सर्दीनं घसा जड होता, दुसऱ्या ओळीलाच तिला कळलं की आज आवाज नेहमीच्या जागीही पोचणार नाही. नवऱ्यानंही ते ओळखलं. त्याची नजर तिच्याकडे आली आणि हात जरा रेंगाळला.

ती थांबली. सगळी खोली थांबली.

"अहो, आज आणखी थोडं खाली घ्या," ती सगळ्यांसमोर, नेहमीच्या आवाजात म्हणाली. "वर जमत नाहीये."

नणंद काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडत होती, पण तोवर त्यानं मान हलवली आणि बोटांच्या नव्या जागा शोधायला लागला. पहिली जागा चुकली. दुसरी चुकली. सतरंजीवरचं एक मूल खुदकन हसलं. चष्मेवाली हात मांडीवर ठेवून शांतपणे वाट बघत बसली. मग त्याला हवी ती जागा सापडली, त्यानं एकदा वाजवून तिला ऐकवली, आणि तिनं गाणं पहिल्यापासून म्हणायला घेतलं.